टॉमचं सुतक

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी गेला आणि दुसऱ्याच दिवसापासून एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं : ‘त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आपल्यालाच कळलं नाही.’ ८ जानेवारी २०१६ ला, त्याच्या ६९व्या वाढदिवशी, ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम आला. १० जानेवारीला तो गेला. यकृताचा कर्करोग होता, आणि दीड वर्ष त्याने ही गोष्ट मोजक्या माणसांपलीकडे जाऊ दिली नव्हती. मग ज्याने त्याने अल्बमच्या शीर्षकगीताचा व्हिडिओ पुन्हा लावला. तो नोव्हेंबरपासून सगळ्यांसमोरच होता, पण आता त्यातल्या प्रत्येक दृश्यात निरोप दिसायला लागला. मेलेला अंतराळवीर म्हणजे बोवी स्वतः, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे आजारपण, काळा सूर्य म्हणजे मृत्यू. कोडं सुटलं, विषय संपला.

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्या व्हिडिओत मरण आहेच, अगदी पहिल्या दृश्यापासून आहे, ते कोण नाकारेल? पण १९ नोव्हेंबर २०१५ ला तो आला तेव्हापासून बोवी जाईपर्यंतच्या सात आठवड्यांत त्याच्या चाहत्यांनी त्यात जे पाहिलं, ज्यावरून रात्र रात्र वाद घातले, ज्याने त्यांच्या पोटात कालवलं, ते सगळं एका दुपारी रद्दबातल ठरलं. जणू तेव्हा त्यांना काही दिसतच नव्हतं. त्यांना पुष्कळ दिसत होतं. मी त्यांच्यातलीच एक, आणि मला त्या सात आठवड्यांची बाजू मांडायची आहे.

आधी व्हिडिओ. गाणं ९ मिनिटं ५७ सेकंदांचं आहे. मुळात ते आणखी लांब होतं, पण दहा मिनिटांपेक्षा मोठं गाणं आयट्यून्सवर सुटं विकता येत नव्हतं, म्हणून बोवी आणि त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांनी ते कापलं. दिग्दर्शक योहान रेंक, स्वीडनचा. पुढे ‘चेर्नोबिल’ मालिकेमुळे आपल्याकडेही अनेकांना त्याचं नाव माहीत झालं. चित्रीकरण ब्रुकलिनमधल्या एका स्टुडिओत झालं, आणि ते कळल्यावरही तो परका ग्रह परकाच वाटत राहतो. खडकाळ जमीन, वर ग्रहण लागल्यासारखा काळा सूर्य. खडकाला रेलून एक अंतराळवीर पडलेला आहे. त्याचा पोशाख जुनाट, मळका, कुणी किती वर्षांपूर्वी इथे येऊन पडला असेल सांगता येऊ नये असा. एक तरुणी त्याच्याकडे चालत येते. तिच्या स्कर्टखालून शेपटी दिसते, खरीखुरी, हलणारी. ती त्याच्या हेल्मेटची काच वर करते. आत कवटी आहे, आणि त्या कवटीवर रत्नं जडवलेली आहेत.

मग ती तरुणी ती कवटी घेऊन एका जुन्या, ओसाड गावातून चालत जाते. इकडे माळ्यासारख्या एका खोलीत बोवी गातोय, डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी दोन बटणं. त्याच्या मागे तीन माणसं सारखी थरथरताहेत, एकाच हालचालीत अडकल्यासारखी. ही थरथर कुठून आली ते रेंकने सांगितलंय : बोवीने त्याला पॉपायच्या जुन्या कार्टून फिल्मचे तुकडे पाठवले होते. तसल्या कार्टूनमध्ये मागे उभी असलेली पात्रं नुसती जागच्या जागी डुलत असतात, कारण त्यांच्यासाठी वेगळी चित्रं काढायला कुणाला वेळ नसतो. बोवीची नजर त्या मागच्या पात्रांवर गेली. मला हे फार आवडतं. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या, निरोपाची चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाचं चित्र आपण रंगवतो तेव्हा त्यात पॉपाय कुठे बसतो?

हा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या मामाबरोबर. मामा पुण्यात कोथरूडला राहतो. तो मुंबईत शिकायला होता तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या एका मित्राने त्याला बोवीच्या कॅसेटी आणून दिल्या होत्या. त्या वयात कानावर पडलेलं गाणं माणसाला आयुष्यभर धरून ठेवतं, तसं त्याचं झालं. मला बोवी मामाकडूनच मिळाला. त्यामुळे व्हिडिओ आला हे कळल्यावर एकटीने पाहण्याचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही दोघं बसलो, मामी ओट्यापाशी होती.

हेल्मेटची काच वर झाली तेव्हा मामा म्हणाला, “थांबव गं जरा.”

मी थांबवलं. पडद्यावर ती कवटी आणि तिच्यावरचे चमकणारे खडे.

“हा टॉम आहे.”

“कुणीही असेल मामा. नाव कुठे लिहिलंय?”

“नाव कशाला लिहायला हवं? त्याने दुसरं कुणाला वर पाठवलं होतं?”

मामी वळून म्हणाली, “काय झालं? कोण गेलं?” मामा म्हणाला, “टॉम.” मामी लग्न होऊन आल्यापासून हे नाव ऐकत होती. ती ओट्यापासून येऊन आमच्यामागे उभी राहिली आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग मामा बोलला ते मी कधी विसरणार नाही. “मला वाटायचं, फिरतोय अजून.”

मेजर टॉम कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, कारण त्याशिवाय एका प्रौढ माणसाचा आवाज एका कवटीपायी का चिरकला ते कळणार नाही. ११ जुलै १९६९ ला ‘स्पेस ऑडिटी’ हे बोवीचं गाणं बाजारात आलं. पाच दिवसांनी अपोलो ११ निघालं, आणि २० जुलैला चंद्रावर उतरलं. सगळं जग वर पाहत होतं आणि माणूस जिंकला म्हणून आनंदात होतं. या गाण्यातला अंतराळवीर मात्र परत येत नाही. जमिनीवरचे लोक त्याला कौतुकाने सगळं विचारताहेत, सूचना देताहेत, तो यानातून बाहेर पडतो, मग संपर्क तुटतो आणि तो तरंगत राहतो. मेला का? गाणं सांगत नाही. घाबरलाय का? तसंही वाटत नाही. त्याला परत यायचंय की नाही, हेच कळत नाही. बोवीला हे सुचलं ते आदल्या वर्षी आलेला स्टॅन्ली कुब्रिकचा अंतराळपट पाहून, हे त्यानेच सांगितलंय. गाण्याची पहिली छोटी फिल्म त्याने १९६९ च्या फेब्रुवारीतच केली होती. तीत टॉमही तोच आणि जमिनीवरून बोलणारा माणूसही तोच.

गाणं त्या वर्षी ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९७५ मध्ये पुन्हा आलं तेव्हा पहिलं झालं. म्हणजे टॉम सहा वर्षं वर तरंगत असताना खाली त्याची माणसं वाढतच होती.

आणि ही माणसं कशी होती ते समजायला १९७२ ची ती संध्याकाळ आठवावी लागते. ६ जुलैला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बोवीने ‘स्टारमॅन’ गायलं. केशरी केस, रंगीबेरंगी घट्ट पोशाख, गळ्यात निळी गिटार. गाता गाता गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर त्याने सहज हात टाकला, आणि एका ओळीला थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखलं. आकाशात बसलेला कुणीतरी आपल्याशी बोलू पाहतोय असं ते गाणं. ब्रिटनमधल्या घराघरांतून, आईबापांच्या शेजारी बसून पाहणाऱ्या पोरांना वाटलं की ते बोट आपल्याकडेच आहे. बॉय जॉर्ज, इयन मॅककलक, गॅरी केम्प, पुढे गायक-वादक झालेल्या कितीतरी जणांनी त्या काही मिनिटांबद्दल सांगून ठेवलंय. बोवीच्या चाहत्यांचं सगळं इथून सुरू होतं, असं मी मानते. आपण या जगात कुठे बसत नाही असं वाटणाऱ्या मुलामुलींना त्याने परग्रहावरचा माणूस होऊन सांगितलं की मलाही तसंच वाटतं. विज्ञानकथेची एवढी सरळ, एवढी दयाळू वापरणूक मी दुसरीकडे पाहिलेली नाही. अग्निबाणाचं तंत्र, ग्रहांची अंतरं यांच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. घरापासून लांब पडलेल्या जिवाची ती गोष्ट होती, आणि हा जीव तेरा वर्षांचा असून आपल्याच खोलीत बसलेला असू शकतो, हे त्याला माहीत होतं.

१९८० मध्ये त्याने टॉमची खबर दिली. ‘ॲशेस टु ॲशेस’ या गाण्यात कळतं की टॉम जिवंत आहे, पण नशेच्या आहारी गेलेला, कामातून गेलेला. बोवी स्वतः सत्तरच्या दशकात कोकेनमध्ये बुडून वर आलेला होता, त्यामुळे हे टॉमबद्दल होतं तेवढंच त्याच्याबद्दलही. त्या गाण्याचा व्हिडिओ डेव्हिड मॅलेट आणि बोवी यांनी मिळून केला. समुद्रकिनारा, रंग बदलून काळं केलेलं आभाळ, विदूषकाच्या पोशाखात बोवी. मधेच तो अंतराळयानाच्या पोटात नळ्यांना जखडलेला दिसतो. आणि किनाऱ्यावरून त्याच्याबरोबर चार जण चालत येतात, मागून बुलडोझर. हे चार जण कोण? लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या ‘ब्लिट्झ’ क्लबात दर आठवड्याला नटूनथटून जमणारी मुलं, स्टीव्ह स्ट्रेंज आणि त्याची मंडळी. बोवीवर जीव टाकणारी, त्याच्यामुळेच असे कपडे घालायची हिंमत झालेली. बोवी स्वतः तिथे गेला आणि त्यांना घेऊन आला. चाहत्यांनी टॉमच्या गोष्टीत पाऊल टाकलं ते असं, अगदी शब्दशः.

तिथून पुढे टॉम एकट्या बोवीचा राहिलाच नाही. १९८३ मध्ये पीटर शिलिंग या जर्मन गायकाने टॉमवर स्वतःचं गाणं केलं आणि तेही जगभर गाजलं. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो क्रिस हॅडफील्ड. कॅनडाचा हा अंतराळवीर २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा कमांडर होता. परत निघायच्या आधी त्याने तिथेच, खरोखरीच्या वजनरहित अवस्थेत गिटार तरंगत ठेवून, ‘स्पेस ऑडिटी’ गायलं. १२ मे २०१३ ला तो व्हिडिओ आला. खिडकीतून पृथ्वी सरकताना दिसते, त्याच्या मिशा दिसतात, आवाज साधा, सच्चा. त्याने शब्द थोडे बदलले होते. त्याचा अंतराळवीर सोयुझ या रशियन यानात बसून घरी येतो. जो माणूस खरोखर वर गेला होता, त्याने टॉमला खाली आणायचं ठरवलं! मामाने तेव्हा फोन करून मला सांगितलं होतं, “पाहिलंस का, आणला त्याला.” आणि बोवीने काय म्हणावं? या गाण्याचं आजवरचं बहुधा सर्वांत हृदयस्पर्शी रूप, असं त्याच्याकडून जाहीर सांगण्यात आलं. आपल्या गाण्याचा शेवट कुणी फिरवला म्हणून त्याला राग आला नाही. उलट.

हे सगळं मनात असणारी माणसं नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘ब्लॅकस्टार’चा व्हिडिओ पाहत होती. म्हणून त्यांच्या प्रतिक्रियेला दोन पदर होते. पहिला दुःखाचा. टॉम संपला. त्याच्या हाडांवर कुणीतरी खडे जडवले आहेत म्हणजे संपून जमाना झाला, आपण खाली त्याच्या सुटकेची गाणी गात होतो तेव्हा तो मरून पडलेला होता. माझ्या ओळखीत, आणि ओळखीबाहेरही, अनेकांनी अक्षरशः सुतक पाळलं. एका मैत्रिणीने ‘स्पेस ऑडिटी’ ऐकायचं सोडून दिलं. मामा ती जुनी कॅसेट शोधत बसला. या दुःखात बोवीच्या आजाराचा लवलेश नव्हता, कारण तो कुणाला माहीतच नव्हता. काल्पनिक माणसासाठी केलेलं ते निखळ दुःख होतं.

दुसरा पदर कुतूहलाचा, आणि तो फार मोठा होता. त्या पोशाखावर हसऱ्या चेहऱ्याचं एक चिन्ह आहे. कुणाच्या लक्षात आलं की बोवीचा मुलगा डंकन जोन्सच्या २००९ च्या चंद्रावरच्या चित्रपटात एक यंत्रमानव आहे, त्याच्या पडद्यावरही असाच हसरा चेहरा येतो. बापाने मुलाला केलेला नमस्कार का हा? कुणी म्हणालं, एल्विस प्रेस्लीचं एक फारसं कुणाला माहीत नसलेलं गाणं याच नावाचं आहे आणि त्यात माणसाच्या डोक्यावरच्या काळ्या ताऱ्याची गोष्ट आहे, आणि एल्विसचा जन्म ८ जानेवारीचा, म्हणजे बोवीच्याच तारखेचा. सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिनने सांगितलं की गाणं आयसिसबद्दल आहे असं बोवी त्याला म्हणाला होता. बाकीच्यांना तसलं काही ठाऊक नव्हतं. तरी काही आठवडे व्हिडिओत वधस्तंभावर डोलणारी तीन बुजगावणी पाहताना सीरियाची आठवण येत राहिली, आणि ती आठवण चुकीची होती असं मला आजही म्हणवत नाही. बोवीच्या हातातल्या, काळा तारा छापलेल्या पुस्तकावरून गुप्तविद्येकडे जाणारेही होते. संगीतावरचे वाद तर निराळेच. न्यूयॉर्कच्या जॅझ वादकांना घेऊन केलेल्या या गाण्याला रॉक म्हणायचं का? (२०१७ च्या ग्रॅमीत त्याला रॉकसाठीच पुरस्कार मिळाले.) मार्क गिलियानाचे ड्रम आणि वरून एखाद्या मठातल्या प्रार्थनेसारखा आवाज, मधेच सगळं थांबून एकदम गोड चाल, मग पुन्हा ते पहिलं. आमचा एक मित्र, जो तबला शिकलेला आहे, तो त्या पहिल्या भागाचा ठेका मांडीवर धरायचा आणि दर वेळी सुटायचा आणि पुन्हा धरायचा.

हे असं पाहणं म्हणजे काय? कुठलाही निकाल हाती नसताना, एका कलाकृतीभोवती बसून तिला मनापासून न्याहाळणं. बोवी जिवंत आहे, त्याचं अजून पुष्कळ यायचं आहे, याही कोड्याचा पुढचा भाग कधीतरी येईल, असं गृहीत धरून. त्या वेळी व्हिडिओतली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दहा गोष्टींकडे बोट दाखवत होती.

७ जानेवारीला याच अल्बममधल्या ‘लॅझरस’ गाण्याचा व्हिडिओ आला. तोही रेंकचा. तीच बटणांची पट्टी, पण आता माणूस रुग्णालयातल्यासारख्या पलंगावर. मग तो लिहायच्या टेबलाशी बसतो, टेबलावर कवटी, आणि शेवटी मागे मागे सरकत कपाटात शिरून दार ओढून घेतो. आम्ही त्यातही टॉमचे धागे शोधत होतो. सोमवारी, ११ तारखेला, आपल्याकडे दुपार होती तेव्हा बातमी आली. आधी वाटलं अफवा आहे. मग डंकन जोन्सने ती खरी असल्याचं सांगितलं.

माझा मावसभाऊ लंडनला असतो. तो त्या संध्याकाळी ब्रिक्स्टनला गेला, बोवीचा जन्म तिथला. तिथे भुयारी रेल्वेच्या स्टेशनासमोर भिंतीवर जेम्स कॉक्रनने २०१३ मध्ये रंगवलेला बोवीचा मोठा चेहरा आहे. त्याच्या पायाशी फुलांचा ढीग साचत होता. रिट्झी थिएटरच्या पाटीवर सिनेमाच्या नावाऐवजी ‘डेव्हिड बोवी, आपला ब्रिक्स्टनचा पोरगा’ अशी अक्षरं लावली होती. रस्ता माणसांनी भरला होता. भावाने फोन लावून नुसता वर धरला. काही ऐकू येत नव्हतं, नुसता गलका, मग त्यातून ‘स्टारमॅन’ची धून वर आली. हजारो माणसं गात होती. तो फोन मी मामाला ऐकवला. मामा म्हणाला, “बघ, महिन्यात दोन सुतकं.” खरं म्हणजे महिना उलटून गेला होता, पण मी काही बोलले नाही.

त्या दिवसानंतर पहिलं सुतक पुसलं गेलं. टॉमची कवटी ही आता टॉमची उरली नाही, ती बोवीची झाली. आपल्याकडे तर हा अर्थ चटकन मनाला भिडतो. आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहून त्याचा सोहळा करणं, ही गोष्ट आपण लहानपणापासून अभंगांतून ऐकत आलोय. मीही काही दिवस त्या अर्थाला धरून होते, त्यात मोठा दिलासा होता. व्हिस्कॉन्टीनेही म्हटलं की बोवीचं जाणं त्याच्या जगण्यासारखंच कलाकृती होतं, हा अल्बम म्हणजे त्याची जाता जाता दिलेली भेट. अल्बमचं कव्हर करणाऱ्या जॉनथन बार्नब्रुकनेही सांगितलं की हा माणूस आपल्या मरणाला सामोरा जात होता. या माणसांना खोटं कोण पाडणार? ती जवळ होती.

पण त्याच जवळच्या माणसांनी दुसरंही सांगितलंय, आणि ते कुणी ऐकत नाही. पलंगावरच्या माणसाची कल्पना रेंकला सुचली ती बायबलमधल्या, मेलेल्यांतून उठणाऱ्या लॅझरसवरून. उपचार थांबवायचे असं बोवीला कळलं ते याच व्हिडिओच्या चित्रीकरणाच्या आठवड्यात, हे रेंकला नंतर समजलं. म्हणजे ते दृश्य आजाराची कबुली म्हणून रचलेलं नव्हतं. आणि व्हिस्कॉन्टी सांगतो की जायच्या आठवडाभर आधी बोवीने त्याला फोन केला होता, आणखी एक अल्बम करायचा म्हणून. गाणी लिहून तयार होती. शेवटच्या आठवड्यातही तो माणूस पुढच्या कामाचं बोलत होता. ज्याला अजून एक अल्बम करायचा आहे, त्याच्या हातातली प्रत्येक गोष्ट निरोप कशी असेल? त्याला मरणाची चाहूल होती आणि त्याला पॉपायही आठवत होता आणि शेपटीही हवी होती. हे तिन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी नांदत होतं. आपण त्यातलं एक ठेवलं आणि बाकीचं वाऱ्यावर सोडलं.

टॉमचंही तसंच. रेंक म्हणाला की त्याच्यापुरता तो अंतराळवीर शंभर टक्के मेजर टॉमच होता. बोवीने मात्र ते कधी जाहीर सांगितलं नाही. म्हणजे सात आठवडे चाहते ज्याच्यासाठी हळहळले तो दिग्दर्शकाच्या डोळ्यांसमोरही होता. मामाने एकदा मला विचारलं होतं, अगदी शांतपणे, “आपण त्या दिवशी टेबलाशी बसून जे पाहिलं, ते काय खोटं होतं?” मी अजून कुणाकडून याचं ‘हो’ असं उत्तर ऐकून घ्यायला तयार नाही.

बोवीलाही ते उत्तर मान्य झालं नसतं असं मला वाटतं, आणि याला पुरावा म्हणून मी त्या अल्बमची रेकॉर्ड दाखवते. मामाच्या वाढदिवसाला मी ती आणली. काळं कव्हर, त्यात ताऱ्याच्या आकाराची खिडकी कापलेली, तिच्यातून आतली काळी तबकडी दिसते. खाली ताऱ्याचे तुकडे छापलेत, नीट पाहिलं तर त्यांतून बोवी हे नाव जुळतं. तो गेल्यावर काही महिन्यांनी चाहत्यांच्या ध्यानात आलं की रेकॉर्ड काढून घेऊन ते उघडं कव्हर उजेडासमोर धरलं तर काळ्या कागदावर तारे उमटतात. आम्ही सकाळी मामाच्या गच्चीत गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. मामाने कव्हर दोन्ही हातांनी धरून थोडं तिरपं केलं, आधी काहीच नाही, मग एकदम, जिथे नुसता काळा रंग होता तिथे बारीक बारीक ठिपके, आणि ठिपक्यांचं आभाळ. मामाने मला दिलं, मी मामीला दिलं. मामीने ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं आणि विचारलं, “हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं?” नव्हतं. बोवी आणि बार्नब्रुक यांनी ते घालून ठेवलं आणि गप्प बसले. बार्नब्रुक तर नंतरही म्हणत राहिला की अजून सापडायचं बाकी आहे. ज्याला एकच अर्थ पोचवून जायचं असतं तो असल्या गोष्टी पेरून ठेवत नाही. कव्हरावरची ती चिन्हंही बार्नब्रुकने पुढे चाहत्यांना मोकळी करून दिली, व्यापार सोडून काहीही करा म्हणून. लोकांनी ती अंगावर गोंदवली, भिंतींवर रंगवली.

आमचा वाद अजून चालू आहे, आणि तो आता बहुतेक शेपटीवर येऊन अडतो. मामा म्हणतो, शेपटी म्हणजे तिथली माणसं अर्धी जनावरं, त्यांना टॉम कोण ते काय कळणार? सापडली चमकती वस्तू आणि लावली पूजेला. मला पटत नाही. ती तरुणी ज्या तऱ्हेने कवटी उचलते ते पाहा. पालखीत पादुका ठेवताना असतात तसे तिचे हात आहेत. मग गावात बायका गोल करून थरथरतात आणि ती कवटी त्यांच्या मध्ये येते. मुंडकं नसलेला सांगाडा मात्र काळ्या सूर्याकडे तरंगत निघून जातो. माझ्या मते शेपटी ही तिथली साधी, रोजची गोष्ट आहे, जसे आपल्याला कान. तो त्यांचा ग्रह आहे. म्हणजे टॉम पोकळीत हरवला नाही, तो कुठेतरी उतरला, आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी नसूनही त्यांनी त्याला टाकून दिलं नाही. त्याच्यावर रत्नं जडवली. मामा म्हणतो, रत्नं त्याच्या अंगावर आधीच होती, काच उघडली तेव्हाच दिसतात की! म्हणजे त्या बाईच्याही आधी तिथे कुणीतरी येऊन गेलंय. हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोण आलं असेल, यावर आम्ही पुढच्या रविवारी बसणार आहोत, आणि मामीने सांगितलंय की या वेळी ती पहिल्यापासून पाहणार, मधूनच नाही.